तिळातली चिठ्ठी

॥ श्री ॥

टॅम्पिनीस, सिंगापूर
२० नोव्हेंबर २००५

चि. प्रबोध यास कुमुदताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मंदारबरोबर पाठवलेलं सामान पोचलं. यादी लिहिते, म्हणजे वाटेत काही राहिलं असेल तर कळेल. भाजणी एक किलो (पिशवी कोपऱ्याला फुटली होती, चमचाभर सांडली), मेतकूट अर्धा किलो, नव्या वर्षाचं पंचांग, देवीचा अंगारा, नीताने विणलेला रुमाल आणि पाकिटात ओवाळणीचे पाचशे एक. मंदारचं जहाज लागलं आणि तो बंदरावरून टॅक्सी करून आला. साडेअठरा डॉलर! म्हटलं, अरे, एमआरटीच्या गाडीला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. तर म्हणतो, "वहिनी, भाजणी घेऊन एमआरटीत उभा राहिलो असतो तर सगळा डबा शिंकला असता." पैसे मी त्याच्या खिशात बळेच घातले. म्हणजे तुझी भाऊबीज मला साडेअठरा डॉलरला पडली. रागवत नाही, नोंद म्हणून लिहिलं.

ओवाळणीचं पाकीट देवापुढे ठेवलंय. खरं सांगू, या वर्षी मला पैसे नको होते. काय हवं होतं ते लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही नीट बसत नाही.

जूनमध्ये ह्यांच्या जहाजावर इंजिनाच्या खोलीत आग लागली. दोघे भाजले, देवाच्या कृपेने वाचले. हे चीफ इंजिनीअर. तेलाच्या पाइपांवरची झाकणं तपासली, अशी वहीत ह्यांची सही. मुंबईच्या जहाज-खात्याने ठरवलं की सही न पाहता केली, आणि जुलैत ह्यांचं प्रमाणपत्र निलंबित केलं. प्रमाणपत्राशिवाय कोणी जहाजावर पाय ठेवू देत नाही. अपील केलंय, क्रमांक ११७. कंपनी ३१ मार्चपर्यंत थांबायला तयार आहे. तोवर प्रमाणपत्र हातात नसेल तर नोकरी संपली, नोकरीबरोबर आमचे इथे राहण्याचे पास संपले, आणि पासाबरोबर क्षिप्राची शाळा. तिची शेवटची मोठी परीक्षा पुढच्या नोव्हेंबरात. ह्यांना आता चोपन्न चालू आहे. या वयात डागाळलेल्या प्रमाणपत्रावर दुसरीकडे कोण घेणार?

अपील ऐकणार तुझा मित्र शैलेंद्र. एका संघटनेतले तुम्ही, क्वार्टर्सही शेजारी शेजारी. त्याच्या कानावर एक शब्द घाल. जास्त काही नको. "शामकांत माझे भावोजी आहेत," एवढंच. हीच माझी या वर्षीची ओवाळणी समज.

तुझी,
कुमुदताई

*

मुंबई
४ डिसेंबर २००५

ती. ताईस प्रबोधचा सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. नीतालाही दाखवलं नाही.

ताई, तो शब्द मी घालू शकत नाही. का, ते समजून घे, मग हवं तेवढं रागव.

आम्ही सुनावणी अधिकारी एकोणीस खात्यांत विखुरलेले आहोत. नागरिकाने खात्याच्या हुकुमाविरुद्ध अपील केलं की ते आम्ही ऐकायचं. पण खुर्ची त्याच खात्याची, टंकलेखक त्याच खात्याचा, बदली त्याच खात्याच्या हातात. आणि वर्षाखेरीस आमचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार? ज्याचा हुकूम आम्ही रद्द केला तोच साहेब. शैलेंद्रने गेल्या वर्षी त्याच्या मुख्य साहेबांचे तीन हुकूम रद्द केले. चौथ्या आठवड्यात त्याचा टंकलेखक काढून घेतला, आणि त्याला जुन्या कागदांच्या खोलीशेजारी बसवलं. तिथे तो आपले निकाल स्वतः दोन बोटांनी टंकत बसतो.

म्हणून सात वर्षं आम्ही एकच मागणी लावून धरली आहे. सगळ्या खात्यांतले सुनावणी अधिकारी बाहेर काढा, त्यांचं एक स्वतंत्र मंडळ करा, आणि त्यावर कोणत्याही खात्याचा हुकूम चालू देऊ नका. समिती नेमली गेली आहे. २४ मार्चला ती शेवटचं ठरवणार. मंडळ झालं तर पडून असलेली सगळी अपिलंही तिकडे जातील. मी या मागणीचा चिटणीस. आणि मीच मित्राच्या कानात भावोजींचं नाव सांगू? मग साहेबाने दाबायचं आणि मेव्हण्याने दाबायचं, यात फरक काय उरला?

एक विचारतो. भावोजी स्वतः काय म्हणतात? त्यांनी पाहून सही केली होती ना? तेवढं खरं असेल तर शैलेंद्रला कोणाच्या शब्दाची गरज नाही.

या विषयावर फोन करू नकोस. बोललेलं कोणी कसंही फिरवतं, लिहिलेलं राहतं.

तुझा,
प्रबोध

*

॥ श्री ॥

टॅम्पिनीस
१६ डिसेंबर २००५

चि. प्रबोधरावांस आशीर्वाद. "राव" मुद्दाम लिहिलंय. एवढ्या मोठ्या तत्त्वाच्या माणसाला अरेतुरे कसं करायचं?

तुझं मंडळ मला समजलं. मी मॅट्रिक असले तरी तेवढं समजतं. सुनेने सासूविरुद्ध तक्रार करायची आणि निवाडा सासूच्या धाकट्या जावेने करायचा, जिची पोळी सासूच्याच तव्यावर भाजते. तिला वेगळी चूल द्या, असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे. पण मला सांग, वेगळी चूल मांडून होईपर्यंत सुनेने काय उपाशी मरायचं?

मॅट्रिकनंतर मला पुढे शिकवलं नाही, कारण तुझी फी भरायची होती. पस्तीस वर्षांत मी हे कधी बोलले नाही. आज बोलले. आता पुन्हा बोलणार नाही.

ह्यांचं विचारलंस. हे बरे आहेत. सकाळी उठून ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात आणि बाकावर बसून समोर नांगरलेली जहाजं मोजतात. परवा मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "ते तिसरं बघ, त्याच्या इंजिनाला खोकला आहे." एवढ्या लांबून धुरावरून ओळखतात. शेजारचे अभय भावोजी जुरोंग आयलंडवरच्या तेलाच्या कारखान्यात कामाला जातात, त्यांनी तिथल्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकला होता, तिथेही पहिला प्रश्न प्रमाणपत्राचाच. खालच्या हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी प्यायचंसुद्धा सोडलंय ह्यांनी. मी एवढी काटकसरी, पण त्या एका कपाची काटकसर मला बघवत नाही.

संक्रांत येतेय. नीताच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सेरंगून रोडवरून झाकणाचे नऊ स्टीलचे डबे घेतलेत, प्रत्येकात पाव किलो तीळ. मंदारचं जहाज पुढच्या आठवड्यात मुंबईला लागेल, त्याच्याबरोबर देते. क्षिप्रा हसते, "आई, इंडियात डबे मिळत नाहीत का? सो सिली, लाह." हे "लाह" इथल्या बोलीचं शेपूट. एका डब्यावर मधुवंतीबाईंचं नाव घातलंय. शैलेंद्ररावांच्या मंडळी दरवर्षी नीताकडे येतात ना, म्हणून. बाकी काही नाही. नऊच्या नऊ डबे सारखे आहेत. वाणाला कोणी नाही म्हणू नये एवढंच सांगते.

कुमुदताई

*

मुंबई
९ फेब्रुवारी २००६

ती. ताईस सा. न.

हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले.

वीस जानेवारीला नीताचं हळदीकुंकू झालं. मधुवंती वहिनी आल्या, वाण घेऊन गेल्या. घरी जाऊन तिळगूळ करायला त्यांनी तीळ परातीत ओतले. तिळांत घडी केलेली चिठ्ठी निघाली. "अपील क्र. ११७. शामकांत वर्तक. प्रमाणपत्र परत मिळू दे." अक्षर मी शंभरात ओळखीन. मला बाराखडी त्याच अक्षराने शिकवली आहे.

शैलेंद्रने दुसऱ्या दिवशी डबा, तीळ आणि चिठ्ठी पाकिटात मोहोरबंद केली, अपिलाला जोडली, आणि खाली लिहिलं, "यापुढे हे अपील मी ऐकणं योग्य नाही." मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "प्रबोध, मी दुसरं काही करू शकत नव्हतो." मी म्हटलं, "करायलाही नको होतंस."

आता ऐक, ताई. मधुवंती वहिनी नीताजवळ रडल्या. ज्या दिवशी चिठ्ठी सापडली त्याच्या आदल्या रविवारी शैलेंद्र घरी म्हणाला होता, "एक अपील वाचतोय. वही बारा वर्षांची आहे, प्रत्येक नोंदीत बारीक टीप आहे. असा माणूस न पाहता सही करणार नाही." तीस जानेवारीला सुनावणी होती. तुला यापेक्षा जास्त लिहीत नाही.

सुनावणी आता मुख्य साहेबांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे गेली आहे, तारीख नाही. आणि साहेबांनी त्या चिठ्ठीची नक्कल समितीकडे पाठवली आहे. वर शेरा, "हेच का तुमचे स्वतंत्र अधिकारी? घरोघर डबे फिरतात."

समितीने मला विचारलं आहे. मी तुला विचारतो. चिठ्ठी डब्यात कशी गेली?

प्रबोध

*

॥ श्री ॥

टॅम्पिनीस
१७ फेब्रुवारी २००६

चि. प्रबोध यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ह्यांना दाखवलं नाही. पंचांगात घालून ठेवलंय, हे पंचांग उघडत नाहीत.

चिठ्ठी माझी आहे. ती मी देवीला लिहिली होती. संकट आलं की कागदावर लिहून देवीच्या पायाशी ठेवायचं, ही आईची रीत, तुलाही आठवत असेल. नऊ डबे भरून, झाकणं लावून, रात्रभर देव्हाऱ्यासमोर ठेवले होते. चिठ्ठी तिथेच बाहेर होती. मी बांधलं तेव्हा डब्यांत नुसते तीळ होते. झाकणांना चिकटपट्टी लावली होती. पुढे काय झालं, मला माहीत नाही. कदाचित कागद खाली चिकटला असेल, नाही तर कुठे उघडून बघितलं असेल. देवाशपथ लिहीत नाही, असल्या गोष्टीत देवाला कशाला ओढायचं.

मी मुद्दाम असं कसं करीन? नकळत झालं असेल तर झालं. तूच त्यांना नीट समजावून सांग.

आणि त्या रविवारचं तू मला लिहायला नको होतंस, प्रबोध. कुकरची शिट्टी झाली की मला तीस जानेवारी आठवते.

कुमुदताई

*

मुंबई
१ मार्च २००६

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मी जसंच्या तसं समितीपुढे ठेवलं. म्हटलं, माझी बहीण खोटं लिहीत नाही.

साहेबांच्या वकिलाने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "ठीक आहे. बाई म्हणतात, सिंगापुराहून निघताना डब्यात नुसते तीळ होते. तर मग चिठ्ठी मुंबईत घातली. डबे कोणाच्या घरी उघडले? चिटणीसांच्या."

मला चिटणीसपदावरून बाजूला केलं आहे. खात्याची नोटीस आली आहे. परवा नीताला दोन तास बसवून प्रश्न विचारले. डबे कोणी उतरवले, चिकटपट्टी कोणी काढली, मधुवंतीबाईंना डबा तुम्हीच हातात दिला का. घरी येऊन ती मला म्हणाली, "एकदा वाटलं, मीच घातली म्हणून सांगावं आणि सुटावं." आमच्या संघटनेतले अर्धे लोक आता माझ्याशी बोलताना मागे वळून बघतात. सात वर्षांचं काम, ताई, आणि सगळे एका डब्याबद्दल बोलताहेत.

समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. म्हणाले, खरं काय ते शपथेवर लेखी आलं तर मी चोवीस तारखेच्या आत बघीन.

मी तुला पुन्हा काही विचारत नाही. जे लिहायचं ते तू लिही.

प्रबोध

*

॥ श्री ॥

टॅम्पिनीस
११ मार्च २००६

चि. प्रबोध आणि सौ. नीता यांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. दोन कागद आहेत, हे पत्र आणि नोटरीपुढे शपथेवर केलेला जबाब. जबाब समितीला दे. पत्र तुम्हा दोघांसाठी आहे.

मी खोटं लिहिलं. तीळ भरून झाल्यावर मी देव्हाऱ्यापुढे डबे मांडत होते. शेवटचा डबा मधुवंतीबाईंचा. झाकण उघडंच होतं. चिठ्ठी देवीच्या पायाशी होती ती वाऱ्याने उडाली आणि त्या तिळांत पडली. खिडकी उघडी होती, एवढं खरं आहे. मी ती पाहिली. काढायला हात घातला. आणि हात तसाच ठेवून उभी राहिले. मनाशी म्हटलं, ही देवीचीच इच्छा असेल, मी काढणारी कोण? मग चार बोटांनी वर तीळ सारखे केले आणि झाकण लावलं. देवीचं नाव मी पुढे केलं, प्रबोध. तीळ मी सारखे केले.

आणि मग ते नीतावर आलं. नीता, तू "मीच घातली" म्हणायला निघाली होतीस, हे वाचलं आणि मी देवासमोर बसू शकले नाही. पहिल्यांदाच पूजा न करता उठले.

ह्यांना सांगायलाच हवं होतं, कारण या जबाबाने ह्यांचं अपील बुडू शकतं. अपील करणाऱ्याच्या बायकोने निवाडा करणाऱ्याच्या घरी चिठ्ठी पाठवली, हे शपथेवर लिहून दिल्यावर साहेबांच्या माणसाला दुसरं काय कारण हवं? काल सकाळी हे मटार सोलत बसले होते. मी पंचांगातली तुझी पत्रं काढून ओळीने पुढे ठेवली. सगळी वाचली. शेंगा तशाच राहिल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "आठ महिने झाले. तू देवीला विचारलंस, प्रबोधला विचारलंस, त्या बिचाऱ्या बाईला तिळातून विचारलंस. मला एकदा तरी विचारलंस का, पाहून सही केली होती का म्हणून?"

मी म्हटलं, "भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुम्ही नाही म्हणालात तर काय करायचं, याची."

पहिल्या पत्रातच तू हे विचारलं होतंस. मी "हे बरे आहेत" असं लिहून मोकळी झाले. तुझा एक शब्द मला एवढा का हवा होता, ते मला काल कळलं. ह्यांनी पाहून सही केली असेल यावर माझा विश्वास असता तर मी कोणाच्या कानाला लागले नसते. त्या शैलेंद्ररावांनी ह्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नुसती वही वाचून ओळखलं. मी सव्वीस वर्षं ह्यांच्या ताटात वाढतेय.

ह्यांनी पत्रांच्या घड्या घातल्या. मग हे म्हणाले, "एकेका झाकणाला हात लावून पाहिलं होतं, कुमुद. एक ढिलं होतं, ते मीच आवळलं. पाइप दुसऱ्याच जागी फुटला. आता म्हण, ठेवतेस विश्वास?"

मी "हो" म्हटलं. "मग लिही जबाब," म्हणाले.

मी लिहिला. हे चष्मा पुसून वाचायला बसले. मी लिहिलं होतं, "माझ्या हातून नकळत चिठ्ठी डब्यात राहिली." ह्यांनी बोट ठेवलं. "हा शब्द काढ." मी म्हटलं, अहो, तेवढ्या एका शब्दाने तुमचं अपील कदाचित वाचेल. तर म्हणाले, "आणि प्रबोधची बायको पुन्हा दोन तास बसेल. काढ." मी "जाणूनबुजून" असं लिहिलं. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नोटरीकडे ह्यांना साक्षीदार म्हणून सही करायची होती; तिथला चिनी म्हातारा घड्याळ बघत होता, हे मात्र तिसऱ्यांदा वाचत होते. मला मराठीत म्हणाले, "प्रबोधला कळव, ही सही मी पाहून केली."

क्षिप्राला सांगितलं. ती बाहेर गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "इट्स ओके, आई. मुंबईत पण एक्झाम असते, राइट?" तिला आता मराठीत एक पानसुद्धा लिहिता येत नाही. 

पुढचं मला दिसत नाही. साहेबांचा माणूस ह्यांचं अपील फेटाळील असं धरून चालते. तुझं मंडळ झालं तर अपील तिकडे जाईल, आणि ज्याच्या खुर्चीवर साहेबाचा हात नाही असा कोणीतरी ती वही उघडून वाचेल. एवढीच एक फट उरली आहे. ज्या मंडळाला मी डिसेंबरात टोमणे मारले तेच. पण ते एकतीस मार्चच्या आत होणार नाही, हेही मला समजतं. पितळेचे देव आणि ह्यांच्या वह्या एका खोक्यात भरून ठेवल्यात. बाकीचं सामान शेजारची स्वप्नाली घेईल तेवढं घेईल.

मधुवंतीबाईंना माझा नमस्कार सांग. डबा अजून पुराव्यात असेल. सुटला की त्यांनी तो परत पाठवू नये. वाण परत करत नाहीत. फक्त त्यात माझं काही नाही अशी खात्री त्यांनी एकदा हात घालून करून घ्यावी.

चोवीस तारखेला समितीने काय ठरवलं, आणि तुझं चिटणीसपद तुला परत मिळालं का, ते त्याच दिवशी लिहून टपालात टाक. पत्राला इथे यायला सहा दिवस लागतात. चोवीसला टाकलंस तर तीसला मिळेल, पंचवीसला टाकलंस तर एकतीसला. त्यानंतर या पत्त्यावर आम्ही नसू. म्हणून उलटटपाली कळव. चांगलं असेल तरी, वाईट असेल तरी. आता मी ह्यांच्या शेजारी बसूनच उघडीन.

तुझी,
कुमुदताई